माझ्या मागचा डोंगर

दुपारी खाणीचा भोंगा झाला की आई हातातलं काम टाकून काचेच्या कपाटाशी जाऊन उभी राहायची. दोन्ही तळवे दारांवर टेकवायची आणि वाट बघायची. मग सुरुंग उडायचा. आधी पायाखालची फरशी हलल्यासारखी व्हायची, मागोमाग आवाज यायचा, कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या, आणि बऱ्याच वेळाने, सगळे आपापल्या कामाला लागले की, धूळ यायची. आईने कपाट धरलं तरी कपबश्या वाजायच्या ते वाजायच्याच. मी एकदा तिला तसं म्हटलं. "वाजूंदेत," ती म्हणाली, "पण मी धरलंय ह्या त्यांका कळता ना." आता माझ्या घरात काचेचं कपाट नाही. तरी मोठा आवाज झाला की माझे हात आपोआप पुढे होतात, समोर धरायला काही नसलं तरी.

आम्ही कांदिवलीला पूर्वेकडे, पार डोंगराच्या बाजूला राहायचो. दुमजली इमारत, दोन खोल्या, आणि मागे एक अरुंद गॅलरी. गॅलरीत कपड्यांच्या दोऱ्या, कोळशाचं पोतं आणि आईच्या बरण्या. दोऱ्यांखालून वाकून पाहिलं की समोर डोंगर. मी शाळेत असताना त्याच्या एका कुशीला खाण लागली होती, ती वर्षावर्षाने आत सरकत होती. जेवणात धूळ असायचीच. आई पातेल्यांवर ओलं फडकं टाकायची, गावाहून आलेली आमसुलं दोनदोनदा धुवायची, तरी सोलकढीचा शेवटचा घोट घेताना तळाशी बारीक कचकच लागायची. पाहुणे तोंड वाकडं करायचे. आम्हाला ती चव जेवणाचीच वाटायची. पुढे मी दुसऱ्या गावांत, दुसऱ्या लोकांच्या घरी सोलकढी प्यायले, तेव्हा काहीतरी घालायचं राहून गेलंय असं मला वाटत राहिलं.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते घरी बसले. किती दिवस बसले ते मला सांगता येत नाही, पण त्या काळात घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. मग गावच्याच एका ओळखीने त्यांना खाणीच्या काट्यावर काम मिळालं. खडी भरलेले ट्रक काट्यावर यायचे, बाबा वजन सांगायचे, ट्रक जायचे. संध्याकाळी ते पांढऱ्या भुवया घेऊन घरी यायचे आणि पाय धुताना म्हणायचे, "आज बराच गेला." डोंगर असा शब्द ते वापरत नसत. आमची चूल त्याच्यावर पेटत होती, आणि ते सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणी उच्चारायचं नाही.

मला मात्र त्यांनी हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं होतं. शाळेत मी मराठी मुलगी होते आणि घरी इंग्रजी मुलगी, त्यामुळे दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं होतं. गप्प बसणाऱ्या माणसाला बघायला वेळ मिळतो, इतकंच. कॉलेजात जाईपर्यंत माझी सगळ्यांना ओळख एकच होती: ती बोलत नाही.

माझ्या हातात कॅमेरा आला तो वसंतमामामुळे. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मालाड स्टेशनजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्ट आणि मुली दाखवायचे फोटो, हे त्याचं काम. रविवारी लग्न उरकून तो गळ्यात कॅमेऱ्यासकट आमच्याकडे जेवायला यायचा. त्या कॅमेऱ्यात वरून खाली बघावं लागे, आणि एका रोलवर बाराच फोटो निघत. लग्न संपलं तरी बऱ्याचदा शेवटचे दोनेक उरायचे. उरलेला रोल धुता येत नाही, म्हणून तो संपवावा लागे. मामा आधी आपल्या चपलांचा, थर्मासचा, झोपलेल्या कुत्र्याचा फोटो काढून तो संपवायचा. मग त्याने ते काम मला दिलं. जेवून आडवा होताना कॅमेरा माझ्याकडे सरकवायचा. "घे गो बाय, संपव."

मी गॅलरीत जाऊन, दोऱ्यांखाली वाकून, कठड्यावर कोपरं टेकवून डोंगराचा फोटो काढायचे. दर वेळी तिथूनच. लांब कुठे जायची माझी हिंमत नव्हती, हे त्याचं खरं कारण. पुढे एकाच जागेवरून पुन्हापुन्हा काढलेल्या फोटोंवर मी पुष्कळ लिहिलं, त्यामागे मोठे विचार असतात असंही लिहिलं. माझ्या बाबतीत ती फक्त गॅलरी होती.

सुट्टीच्या दिवशी मी मामाच्या डार्करूममध्ये बसायचे. पहिल्यांदा माझी निगेटिव्ह धुऊन निघाली तेव्हा मामाने ती ओली असतानाच दिव्यासमोर धरली.

"ह्यात कोण आसा?"

"कोणी नाही. डोंगर आहे."

"डोंगर दिसता माका. पण आसा कोण?"

"लँडस्केप आहे, मामा."

"म्हणजे?"

मी विचार केला. घरात त्याला शब्द नव्हता. "म्हणजे नुसती जागा."

"म्हणजे रिकामो फोटो," मामा म्हणाला, आणि निगेटिव्ह उलटी करून डोंगराच्या मागे कोणी लपलंय का ते बघितल्याचं नाटक केलं. मी हसले. तोही हसला. मग त्याने निगेटिव्ह चिमट्याला लावून वाळत घातली आणि सांगितलं, "निगेटिव्ह ठेव हवी तेवढी. कागद मात्र माणसांसाठी." म्हणून माझ्या डोंगराचा एकही फोटो कागदावर उतरला नाही. पाकिटात निगेटिव्ह तेवढ्या साठत गेल्या. पहिल्या निगेटिव्हमध्ये डोंगर पुरा होता, खाणीची बाजू पलीकडे असल्यामुळे. पुढच्या प्रत्येकीत तो थोडा कमी होता. तिसऱ्या-चौथ्या निगेटिव्हनंतर खाण डोंगर फोडून आमच्या बाजूला आली, आणि मग ते फार भराभर झालं.

मी वांद्र्याच्या कॉलेजात होते. तिथल्या कॅमेरा क्लबात आठवड्यातून एकदा एक सर यायचे. ते जाहिरातींचे फोटो काढत, मोठमोठ्याने बोलत, आणि मुलांच्या फोटोंवर कपाची गोल ओली खूण उमटवत. मी शेवटच्या बाकावर बसायचे. एकदा सगळे गेल्यावर मी पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं आणि दोन पावलं मागे झाले. त्यांनी एकेक निगेटिव्ह खिडकीच्या काचेला लावून पाहिली, मग सगळ्या टेबलावर ओळीने मांडल्या, मग परत पहिली उचलली. बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिले. इंग्रजीत म्हणाले की ही पहिली नसेल तर बाकीचे नुसते दगड आहेत, आणि ही असेल तर लोकांना आत काहीतरी तुटल्यासारखं होईल. वार्षिक प्रदर्शनात एक अख्खी भिंत तुला, मोठे प्रिंट करून आण. शिवाय त्यांना त्यांच्या कामासाठी फोटो निवडणारं कोणीतरी हवं होतं. "भिंत बघू, मग तुझं ठरवू," ते म्हणाले. फोटो काढणं वेगळं आणि फोटो निवडणं वेगळं, आणि निवडण्याचंही काम असतं, हे मला त्या दिवशी कळलं. घरी जाताना मी पाकीट पोटाशी धरून ठेवलं होतं. मला ती भिंत हवी होती. त्याआधी मला कशाचीतरी इतकी ओढ लागल्याचं आठवत नाही.

मामाला मी सांगितलं की कागद लागेल, मोठा. का ते अर्धवटच सांगितलं. "कॉलेजाक व्हया? मग देतंय की," तो म्हणाला, आणि मी पाकीट त्याच्या टेबलाच्या खणात ठेवलं, कारण निगेटिव्ह दमट हवेत घरी ठेवण्यापेक्षा तिथे बऱ्या.

त्याच सुमाराला आईने माझ्या लग्नाचं काढलं. भांडुपला गावाकडचं एक कुटुंब होतं, मुलगा बँकेत. त्यांना फोटो पाठवायचा होता. मामाने मला स्टुडिओत बोलावलं, आईची मोरपंखी साडी नेसवली आणि रंगवलेल्या पडद्यासमोर उभं केलं. त्या पडद्यावर संगमरवरी जिना, कारंजं आणि दोन हंस होते, आणि एका हंसाची मान घडीवर फाटलेली होती. मामा कॅमेऱ्यातून बघायचा, मान हलवायचा, परत बघायचा. "ह्या पडद्यार आख्ख्या मालाडच्या चेडवांची लग्ना झाली," तो म्हणाला, "पण आमच्या चेडवाक कायतरी बरा व्हया." मी हनुवटी त्याने सांगितली तितकी वर केली. माझ्या मनात भिंत होती.

पुढच्या रविवारी मी प्रिंट करायला गेले तर मामा माझी वाट बघत दारातच उभा होता. "डोळे मीट," तो म्हणाला. मी मिटले. हातात कागद आला. "आता उघड."

डोंगरावर मी उभी होते. पुरा, न फुटलेला डोंगर, आणि त्याच्या मधोमध मोरपंखी साडीत मी, हनुवटी वर केलेली. माझं डोकं जवळजवळ कड्याला लागलं होतं. पायथ्याची झाडं माझ्या गुडघ्यांच्या खाली होती. डोंगरावर ऊन डावीकडून पडलं होतं आणि माझ्यावर उजवीकडून.

"कसा?" मामा म्हणाला. "तुझोच फोटो, तुझोच डोंगर. रिकामो होतो, भरून टाकलंय."

तो मला कसं केलं ते दाखवायला लागला. डोंगराच्या निगेटिव्हवर माझ्या आकाराची जागा त्याने रिटचिंगच्या लाल रंगाने भरली होती, म्हणजे तिथून उजेड जात नाही आणि कागद तेवढा कोरा राहतो, आणि त्या कोऱ्या जागेत मग दुसऱ्या निगेटिव्हमधून मी. केसांची कड त्याने भिंग लावून केली होती. असं काम आता कोणी करीत नाही, आणि तेव्हाही थोडेच करत. मी निगेटिव्ह उजेडासमोर धरली. बोटभर लाल बाई डोंगरात उभी होती.

"हे निघेल ना, मामा?"

"निघता कसा?" तो अभिमानाने म्हणाला. "वरसून वार्निश मारलंय. शंभर कॉपी काढ, हलूचा नाय."

मला काहीतरी बोलायचं होतं. पण त्याचे डोळे लाल झाले होते, त्याने ते काम किती वेळ बसून केलं असेल ते दिसत होतं, आणि ते त्याने माझ्यासाठीच केलं होतं. कोणत्या भाषेत सांगायचं तेही मला कळेना. मराठीत माझ्याकडे शब्द एकच होता, आणि तो त्याचाच होता. रिकामा फोटो बिघडला, असं मी कसं म्हणणार? "छान झालंय," मी म्हटलं. मग बाहेर येऊन स्टुडिओच्या पायरीवर बसले. दुसरा फोटो काढता आला नसता. डोंगराचा मधला भाग तोवर बाबांच्या काट्यावरून केव्हाच गेला होता.

घरी त्या फोटोचं फार कौतुक झालं. बाबांनी तो दिव्याखाली धरून पाहिला. "शिवाजी पार्कात पुतळा उभा करतात तशी दिसतेस," ते म्हणाले, आणि गिरणी बंद झाल्यापासून ते पहिल्यांदा थट्टा करत होते, म्हणून आई हसली आणि मीही हसले. डोंगराबद्दल ते काही बोलले नाहीत. फक्त फोटो ठेवायच्या आधी त्यांनी कड्याच्या रेषेवरून नख फिरवलं.

सरांना मी सांगितलं की पहिली निगेटिव्ह हरवली. माझ्या मामाने मला तिच्यात उभं केलं, हे वाक्य मी इंग्रजीत मनातल्या मनात जुळवून पाहिलं होतं आणि ते कसंही जुळवलं तरी लोक हसले असते. त्यांनी बाकीच्या निगेटिव्ह एकदा चाळल्या. "वाईट झालं," ते म्हणाले, "ह्यात आता आधी काय होतं तेच दिसत नाही." भिंत दुसऱ्या मुलाला गेली. त्याने मढच्या होड्या काढल्या होत्या. ते काम मलाही मिळालं नाही. पुढे मी त्या कामाशी पोहोचले ते बऱ्याच वर्षांनी, वेगळ्या दाराने, आणि त्याची हकिकत वेगळी आहे.

भांडुपचे लोक दुपारी आले. मुलगा, त्याचे आई-वडील. वडील बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले, बारीक, जाड चष्म्याचे. आईने शिरवाळे आणि नारळाचा रस केला होता, आणि धूळ बसू नये म्हणून ताटं अगदी शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवली होती. मामा इस्त्रीचा शर्ट घालून मुलाच्या शेजारी बसला होता. मुलाच्या आईने मला शिक्षण विचारलं, मी सांगितलं. स्वयंपाक विचारला, आईने सांगितला. मग बोलणं थांबलं, आणि ते वाढवायला मुलाच्या वडिलांनी पिशवीतून फोटो काढला.

"हा डोंगर कुठला म्हणायचा?"

"हयलोच," मामा म्हणाला. "मागचो. गॅलरीतसून दिसता."

"असं? बघू तरी."

कोणी काही बोलायच्या आत ते उठले. त्यांच्यामागे मुलगा, त्याची आई, मामा, बाबा. मी हातात रिकामा ट्रे घेऊन दारात राहिले. दोऱ्यांखालून वाकून ते कठड्याशी गेले. समोर पिवळट कातळाची एक कापलेली भिंत होती, खाली खडीचे ढीग, आणि वर पुष्कळ आकाश.

"कुठाय?"

"होता," बाबा म्हणाले.

"मग गेला कुठे?"

"फोडला. म्हणजे आमच्या कंपनीने." बाबांनी कठड्यावरची धूळ हाताने पुसली. "मी काट्यावर असतो."

मुलाच्या वडिलांनी फोटो हात लांब करून समोर धरला. एक डोळा मिटला. डाव्या टोकाला कड्याचा एक तुकडा अजून उभा होता, तो फोटोतल्या कड्याशी जुळेपर्यंत ते कागद इकडेतिकडे सरकवत राहिले. मध्ये मी येत होते. त्यांनी अंगठा माझ्यावर ठेवला आणि मला झाकून टाकलं. मग अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी ते बघत राहिले, फोटोत आणि समोर, फोटोत आणि समोर.

"इथपासून तिथपर्यंत?" ते हळूच म्हणाले.

बाबासुद्धा मान वाकडी करून कागद बघत होते, आणि मामाही. मला प्रदर्शनातल्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या लोकांकडून जे हवं होतं तेच समोर होत होतं, आमच्या गॅलरीत, ओल्या चादरींच्या मध्ये. मी दारात होते. माझ्याकडे कोणाची पाठ होती, कोणाचा खांदा.

"अहो," मुलाची आई म्हणाली, "मुलीला काय झाकताय? तिला बघायला आलोय ना आपण?"

मुलगा हसला. वडिलांनी चपापून अंगठा काढला. तेवढ्यात भोंगा झाला, आणि आई आत काचेच्या कपाटाकडे धावल्याचं मला पावलांवरून कळलं.

आठवड्याने निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण फार बोलत नाही, आणि फोटोत दिसते तेवढी उंच नाही. उंचीचं मामाच्या फार मनाला लागलं. "पायाचा माप थोडा चुकला माझा," तो पुढे कितीतरी वर्षं म्हणायचा.

ती निगेटिव्ह मी अलीकडे एका जाणकाराला दाखवली. त्याने भिंगातून पाहून सांगितलं की वार्निश आणि रंग निघेल, पण खालचं चित्रही त्याच्यासोबत निघून येईल. म्हणून ती आहे तशी पाकिटात ठेवली आहे. डोंगराची डावी बाजू मला त्यातून पाठ झाली आहे, उजवीही. पण माझ्या मागे काय होतं? मी तो डोंगर लहानपणापासून पाहत होते आणि मला ते आठवत नाही. आई असताना तिला विचारलं, ती म्हणाली तिथे पांगाऱ्याचं झाड होतं, लाल फुलायचं. बाबा म्हणाले झाड कुठलं, गवत आणणाऱ्या बायकांची पायवाट होती. मामाने बराच विचार केला. मग म्हणाला, "तुझ्यामागे? काय नव्हता गो. म्हणून तर तुका थंय उभी केलंय."

तिघेही आता नाहीत. मी उजेडासमोर निगेटिव्ह धरते. सगळा डोंगर तिथे आहे. झाड असेल, पायवाट असेल, तेवढ्या जागी मी उभी आहे.